माहीमचा बुडालेला राजवंश आणि आपल्या घरची वंशावळ

(सामुदायिक रेडिओवरील महिला गटांच्या कार्यक्रमात झालेले भाषण)

कुणी वाडीतून, कुणी खळ्यावरून, कुणी बोईसरच्या कारखान्यातली पाळी संपवून आता जरा टेकला असाल. चहा हातात घ्या आणि ऐका. आज मी तुम्हाला एका राजघराण्याची गोष्ट सांगणार आहे. हे घराणे दिल्लीचे नाही, पुण्याचे नाही, आपल्या केळवे-माहीमचे आहे. आज या घराण्यातले कुणीही उरलेले नाही. तरी आपल्या भागातल्या अनेक कुळांच्या तोंडी त्याचे नाव अजून आहे.

ही गोष्ट आत्ताच का काढली, तेही सांगते. मागच्या महिन्यात आमच्या गटातली एक ताई बैठकीला कागदांची पिशवी घेऊन आली. मुलीला नर्सिंगला प्रवेश घ्यायचा होता आणि जातपडताळणीसाठी वंशावळ लिहून द्यायची होती. घरच्या पुरुषांनी ती काढून दिली होती. खापरपणजोबा, पणजोबा, आजोबा, मग बाप आणि चुलते. कागद नीटनेटका होता, पण त्यात एकही बाई नव्हती. ताई म्हणाली, “अहो, या घरात पिढ्यान्‌पिढ्या पोरं झाली ती काय आंब्याच्या झाडाला लागली?” आम्ही सगळ्या हसलो. पण त्या कागदामुळे पुढे काय अडले आणि ते कसे सुटले, ते शेवटी सांगते. आधी राजाची गोष्ट.

प्रताप बिंब आला

पालघरहून समुद्राकडे निघाले की माहीम आणि केळवे ही जोडगावे लागतात. नारळी-पोफळीच्या वाड्या, पानमळे, केळव्याची शितळादेवी हे आपल्या ओळखीचे. माहीमचे जुने नाव महिकावती. त्या नावाच्या देवीचे देऊळ आजही तिथे आहे. या गावाच्या नावाने एक जुना ग्रंथ आहे, ‘महिकावतीची बखर’. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ती मिळवून १९२४ साली छापली. उत्तर कोकणाबद्दल मराठीत लिहिलेल्या जुन्या मजकुरात तिची गणना होते. ती एका माणसाने एका बैठकीत लिहिलेली नाही. तिचे भाग वेगवेगळ्या काळातले आहेत. त्यातले सगळ्यात जुने केशवाचार्य नावाच्या पंडिताने शके १३७० मध्ये, म्हणजे १४४८ साली लिहिले.

बखर सांगते ती हकीगत अशी. गुजरातेत चांपानेरला गोवर्धन बिंब नावाचा राजा होता. त्याचा भाऊ प्रताप बिंब शके १०६० मध्ये, म्हणजे इसवी सन ११३८ च्या सुमारास, फौज घेऊन दक्षिणेकडे निघाला. दमणच्या बाजूने किनारा धरून तो खाली उतरला. तारापूर म्हटले की आज आपल्याला अणुवीज केंद्र आणि एमआयडीसी आठवते. तेव्हा हा सगळा पट्टा खाड्या, खाजणे आणि दाट झाडीचा होता. प्रताप बिंबाने महिकावतीला राजधानी केली. त्याचा सेनापती बाळकृष्णराव सोमवंशी पुढे ठाणे-साष्टीपर्यंत गेला.

राजाबरोबर छासष्ट कुळे आली असे बखर म्हणते. सोमवंशी, सूर्यवंशी, शेषवंशी अशा गटांनी ती सांगितली आहेत. या कुळांना गावे वाटून दिली, त्यांनी जमीन साफ केली, वाड्या लावल्या. पुढे जुने माहीम हातचे गेल्यावर राजाने आजच्या मुंबईत बिऱ्हाड हलवले आणि तिथल्या वस्तीलाही माहीम हेच नाव दिले, असेही त्यात आहे. म्हणजे मुंबईचे माहीम हे आपल्या माहीमच्या नावाचे. लोकलने जाताना माहीम स्टेशन आले की हे आठवा.

तीन पिढ्या आणि शेवट

आता या घराण्याची वंशावळ. ती फारच छोटी आहे. पहिला प्रताप बिंब, ११३८ ते ११४७. त्याचा मुलगा मही बिंब, ११४७ ते १२१२. त्याचा मुलगा केशवदेव, १२१२ ते १२३७. केशवदेवाला मूल नव्हते. तो गेला आणि बिंबांचा वंश तिथेच संपला. गादीवर त्याचा प्रधान जनार्दन बसला. चार वर्षे झाली नाहीत तोवर नागरशा नावाच्या सरदाराने त्याच्याकडून राज्य घेतले. १२४१ नंतर माहीमवर बिंबांचे राज्य राहिले नाही.

पुढे तेराव्या शतकाच्या अखेरीस आणखी एक बिंब येतो. तो देवगिरीच्या यादवांकडचा बिंबदेव. दिल्लीच्या सुलतानाचा सेनानी अल्लाउद्दीन देवगिरीवर चालून आला, त्या धामधुमीच्या काळात हा बिंब कोकणात उतरला असे सांगतात. त्याच्याबरोबरही कुळे आली. त्यामुळे आपल्याकडे कुणी म्हणते आमचे पूर्वज बिंबाबरोबर गुजरातेतून आले, कुणी म्हणते देवगिरी-पैठणाकडून आले. दोघेही बिंब राजाचेच नाव घेतात. दोन राजे, दोन काळ, नाव एक. लोकांच्या आठवणीत दोन्ही एकमेकांत मिसळले आहेत. आपल्या घरातही तसे होतेच. पणजोबांचेच नाव नातवाला ठेवले की चार पिढ्यांनी कुठला पराक्रम कुणाचा ते कळेनासे होते.

बखर खरी की शिलालेख?

हे सगळे तंतोतंत खरे का? इथे जरा थांबून आपण हिशोब करू. बचत गटाची वही तपासतो तसाच.

केशवाचार्यांनी लिहिले १४४८ साली. प्रताप बिंब आला ११३८ साली. मध्ये गेली ३१० वर्षे. पंचवीस वर्षांची एक पिढी धरली तर बारा पिढ्या. तुमच्यापैकी कितीजणींना पणजीचे नाव माहीत आहे? मग बारा पिढ्यांपूर्वीचे वर्ष चुकणे किंवा एखादी पिढी गळणे अगदी शक्य आहे. आता मही बिंबाचे राज्य पाहा, ११४७ ते १२१२, म्हणजे ६५ वर्षे! अगदी लहानपणी गादीवर बसला असेल तर होऊ शकते. पण इतका मोठा आकडा दिसला की हिशोब तपासणारी बाई भुवया वर करणारच.

शिवाय दुसरा पुरावा आहे, तो दगडावरचा. त्याच काळात उत्तर कोकणावर ठाण्याच्या शिलाहार राजांचे राज्य होते. शिलाहार राजा मल्लिकार्जुन आणि त्याच्या मागून आलेला दुसरा अपरादित्य यांचे बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातले लेख सापडले आहेत, म्हणजे बखरीप्रमाणे मही बिंब राज्य करत होता त्याच वर्षांतले. शिलाहारांचा शेवटचा राजा सोमेश्वर. त्याला यादव राजा महादेवाने १२६५ च्या सुमारास हरवले. लेख त्या राजाच्या हयातीत कोरलेला असतो, बखर मागाहून लिहिलेली असते. म्हणून अभ्यासक बखरीतल्या सनावळीवर डोळे मिटून विसंबत नाहीत. कुणी म्हणतात बिंब एवढ्याशा पट्ट्याचे लहान राजे असतील, कुणी म्हणतात हकीगतीत दोन-तीन काळ एकत्र झाले आहेत.

मग बखर टाकून द्यायची का? मुळीच नाही. ती का लिहिली गेली ते पाहा. राज्ये बुडाली होती, दिल्ली-गुजरातच्या सुलतानांचा अंमल आला होता, कुळे विखुरली होती. कोण कुणाचे, कुणाशी सोयरीक करायची, कुठले वतन कुणाचे, याचा घोळ झाला होता. मालाडचा देसला नायकोराव याला देवीने स्वप्नात येऊन आज्ञा केली, मग त्याने लोक जमवले आणि केशवाचार्यांनी कुळांची माहिती सांगितली, असे बखरीत आहे. म्हणजे ती केवळ राजाच्या कौतुकासाठी लिहिलेली नाही. लोकांना आपला ठावठिकाणा हवा होता म्हणून ती लिहिली गेली. राजाचे घराणे गेले, पण त्याच्या नावाच्या खुंटीला शेकडो कुळांनी आपापली वंशावळ टांगली.

दुसरे घराणे: जव्हारचे मुकणे

आपल्याच जिल्ह्यात दुसरे राजघराणे आहे, ते जव्हारचे मुकणे. हे महादेव कोळी समाजाचे. चौदाव्या शतकात जयबा मुकणे याने हे राज्य मिळवले. त्याची गोष्ट जव्हारकडच्या बायांना पाठ असेल. जयबाने तिथल्या सरदाराकडे बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. सरदार हसून हो म्हणाला. जयबाने कातड्याच्या बारीक बारीक वाद्या कापल्या, एकीला एक जोडली आणि त्या लांबच लांब दोरीने सगळा मुलूख वेढला.

गंमत अशी की हीच गोष्ट समुद्रापार आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावर, आजच्या ट्युनिशिया देशात, हजारो वर्षे सांगतात. तिथे कार्थेज नावाचे मोठे बंदर होते. ते वसवले डिडो नावाच्या राणीने. तिने बैलाच्या कातड्याएवढी जागा मागितली आणि वाद्या कापून अख्खी टेकडी घेतली. म्हणजे ही अक्कल तिथे बाईच्या नावावर आहे, इथे पुरुषाच्या!

जयबाचा मुलगा दुलबाराव. त्याला दिल्लीच्या सुलतानाने निमशहा हा किताब दिला. ५ जून १३४३ हा तो दिवस, आणि जव्हार संस्थानात त्या दिवसापासून वेगळा शक मोजत. १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेला जाताना विक्रमशहा त्यांना भेटला आणि त्याने महाराजांना शिरपेच दिला, म्हणून त्या जागेला शिरपामाळ म्हणतात, अशी आठवण जव्हारकर सांगतात. पुढे पेशव्यांनी या राज्याचा बराच मुलूख घेतला. तरी घराणे टिकले आणि १९४८ मध्ये जव्हार संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे.

माहीमचे बिंब तीन पिढ्यांत संपले आणि मुकणे सहाशे वर्षे राहिले. एवढ्या काळात मुकण्यांच्या घरी कधीच वारसाची अडचण आली नाही का? आली. १८६५ साली राजा पतंगशहा वारला आणि त्याचा मुलगा विक्रमशहाही त्याच वर्षी गेला. तेव्हा घराण्यात दत्तक घेतला आणि तो दत्तक मुलगा चौथा पतंगशहा म्हणून गादीवर बसला. त्याने १९०५ पर्यंत राज्य केले. एका दत्तकाने वंशावळीची तुटलेली ओळ जोडली.

पण दत्तक मंजूर होणे नशिबाचेही होते. अलिबागच्या आंग्र्यांचे बघा. कान्होजी आंग्रे म्हणजे ज्यांच्या आरमाराला इंग्रज आणि पोर्तुगीज वचकून असत. त्यांच्या वंशातला दुसरा रघोजी १८३८ च्या अखेरीस वारला. मागून त्याच्या विधवेला मुलगा झाला, पण तेही बाळ दगावले. आंग्र्यांच्या विधवांनी दत्तक घेऊ द्या म्हणून इंग्रज सरकारकडे अर्ज केले. सरकारने ते फेटाळले आणि १८४० मध्ये कुलाबा संस्थान खालसा केले. पुढे सातारा, नागपूर आणि झाशी याच कारणाने गेली. झाशीच्या राणीची गोष्ट आपल्याला शाळेपासून माहीत आहे. १८५७ च्या उठावानंतर मात्र इंग्रजांनी हे धोरण बदलले, संस्थानिकांचे दत्तक मान्य करायला सुरुवात केली. जव्हारचा दत्तक १८५७ नंतरचा, म्हणून जव्हार राहिले.

‘वंश बुडाला’ म्हणजे काय?

मैत्रिणींनो, आपल्याकडे बाईला द्यायची सगळ्यात वाईट शिवी कुठली? निर्वंशी. ‘तुझा वंश बुडेल.’ मुलगा नाही म्हणून कितीजणींनी हे ऐकले असेल. आता राजघराण्यांकडे बघून विचारा, वंश बुडतो म्हणजे नेमके काय होते?

केशवदेवाला मूल नव्हते. समजा, त्याला मुलगी असती, तरी माहीमच्या गादीचा हिशोब बदलला असता का? बहुधा नाही. वंशावळीच्या ओळीत बाप आणि मुलगा एवढेच मोजत होते. पण त्याच शतकात, फार लांब नाही, तेलंगणात वरंगळला काय झाले बघा. काकतीय राजा गणपतिदेव याला मुलगा नव्हता. त्याने मुलगी रुद्रम्मादेवी हिला वारस केले. सरदारांनी बंड केले, ते तिने मोडून काढले आणि पंचवीसएक वर्षे राज्य केले. तिच्यामागे तिच्या मुलीचा मुलगा गादीवर आला. वंश पुढे गेला, मुलीच्या पोटून गेला. माहीमला जे ‘बुडाले’ म्हणतात, वरंगळला ते बुडाले नाही. मूल न होणे हे दैव असेल, मुलीला न मोजणे हा माणसांचा नियम आहे. आणि नियम बदलता येतो.

तो बदललाही आहे. हिंदू वारसा कायदा १९५६ चा. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि सगळ्या देशाने २००५ मध्ये वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये आणखी स्पष्ट केले की हा हक्क जन्माने मिळतो, २००५ मध्ये वडील हयात होते की नव्हते यावर तो अवलंबून नाही. आपल्या आदिवासी बहिणींनी मात्र लक्षात ठेवा, १९५६ चा हा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही, तिथे रूढी बघितली जाते. म्हणून त्यांनी माहितगार वकिलाला किंवा तालुक्याच्या विधी सेवा समितीला विचारावे. वनहक्क कायद्यात मात्र पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने द्यायचा असे स्पष्ट लिहिले आहे. आणि १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाचे नाव महाराष्ट्रात सरकारी कागदावर आधी आईचे, मग वडिलांचे असे लिहायचे आहे. सातशे वर्षांनी का होईना, ओळीत आई आली.

त्या ताईचे काय झाले?

आता आमच्या गटातल्या ताईकडे येऊ. इतर मागासवर्गाच्या पडताळणीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा. ताईच्या घरी असा कागदच नव्हता. सासरे आणि त्यांचे भाऊ शाळेची पायरी चढले नव्हते, लहानपणापासून वाडीत पाणी शिंपायला आणि बाजाराला पाने न्यायला. घरात सगळे हातपाय गाळून बसले.

तेव्हा आमच्यातली एक म्हातारी आजी म्हणाली, “अगं, तुझ्या सासऱ्यांना बहीण होती ना? ती चार बुकं शिकली होती.” त्या आत्याचे नाव वंशावळीत नव्हतेच! लग्न होऊन गेली, म्हणून तिला ओळीतून काढून टाकले होते. शाळेत जाऊन जुने दाखल-खारीज रजिस्टर पाहिले. १९६७ च्या कितीतरी आधीची नोंद निघाली. आत्याचे नाव, तिच्या बापाचे नाव, गाव, जात, सगळे स्वच्छ अक्षरात. वंशावळ नव्याने लिहिली, आत्याला तिच्या जागी बसवले आणि त्या नोंदीचा उतारा जोडून प्रकरण दाखल केले. बापाची बहीण हे रक्ताचेच नाते, म्हणून तिचा पुरावा चालतो. मुलीचे प्रमाणपत्र मागच्याच आठवड्यात हाती आले.

म्हणून या महिन्यात प्रत्येक गटाने एक काम करायचे. बैठकीला एक मोठा कागद घ्या. प्रत्येकीने सासरची आणि माहेरची, दोन्ही वंशावळी लिहायच्या. पुरुषांबरोबर बायकोचे नाव, तिचे माहेरचे आडनाव आणि गाव लिहा. मुली लिहा, लग्न झालेल्या, विधवा, लहानपणी गेलेल्या, सगळ्या. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईजवळ बसून विचारा, कारण सोयरीक कुठून आली, कुणाची मुलगी कुठे दिली, हे तिलाच ठाऊक असते. जे ऐकीव आहे त्यापुढे ‘ऐकीव’ लिहा, ज्याला कागद आहे त्यापुढे कागदाचे नाव लिहा. बखर आणि शिलालेख वेगळे ठेवायचे म्हणतात ते हेच. मग कागद शोधा. शाळेचे रजिस्टर, गावचे जन्म-मृत्यूचे जुने रजिस्टर, सातबारा आणि जुने फेरफार. तलाठी कार्यालयात आणि तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात अर्ज केला की नकला मिळतात. सातबाऱ्यावर वारस नोंद करताना बहिणींची नावे गाळली आहेत का, तेही त्याच वेळी बघून घ्या.

बिंब राजांकडे सैन्य होते, राजधानी होती, तरी आज त्यांच्या घराण्याची तीनच नावे हाती आहेत. आपल्याकडे सैन्य नाही, पण पेन आहे आणि विचारायला घरात आजी आहे. ती आहे तोवर विचारून घ्या. पुढच्या महिन्यात तुमच्या गटात कुणाची वंशावळ किती पिढ्या मागे गेली आणि त्यात किती बाया सापडल्या, ते आम्हाला नक्की कळवा.